पेल्यातला चढता सूर

स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि फळा, बाक, घंटा यांच्याही आधी आठवली ती माझ्या डब्याच्या पिशवीतली बाटली. तिच्यात गार चॉकलेट दूध असायचं. आई सकाळी दोन चमचे पूड घालून, खूप ढवळून ते भरून द्यायची. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचे दोन थर झालेले असायचे. वर फिकट तपकिरी दूध आणि तळाशी बोटभर गडद साका.

शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीशी माझा करार होता की बाटली हलवायची नाही. वरचं दूध दोघींनी अर्धं अर्धं प्यायचं आणि तळाचा घोट आळीपाळीने घ्यायचा. सोमवारी तिची पाळी, मंगळवारी माझी. सुट्टी आली की पुढची पाळी कुणाची यावर वाद व्हायचा, म्हणून तिने वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब ठेवायला सुरुवात केली. वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या दिवशी तिची पाळी होती. तिने बाटली न बोलता माझ्यापुढे सरकवली. तो घोट मी अजून विसरलेले नाही.

आपल्या विज्ञानाच्या सरांनी ‘द्रावण आणि निलंबन’ हा धडा शिकवला तो याच बाटलीवर. साखर दुधात विरघळते, कोको विरघळत नाही. त्याचे बारीक कण ढवळल्यावर नुसते तरंगत राहतात आणि दूध स्थिरावलं की हळूहळू खाली बसतात. तळाचा घोट जास्त गोड नसून जास्त कडसर का लागतो, हे मला तेव्हा कळलं. साखर सगळ्या बाटलीत सारखीच होती, साकळलेला होता तो कोको. त्या दिवसापासून निलंबनाची व्याख्या मला पाठ करावी लागली नाही.

मैत्रिणीच्या घरी पुडीऐवजी सिरप असे. त्याची गंमत निराळी. साखरेमुळे ते दुधापेक्षा जड, त्यामुळे पेल्यात ओतलं की धार सरळ तळ गाठायची आणि मग चमच्याने तिला वर उचलावं लागायचं. बशीत उंचावरून सोडलं तर बारीक धारेची दोरीसारखी वेटोळी पडायची. आम्ही ती मोजत बसायचो आणि मग बशी चाटून पुसून स्वच्छ करायचो. सिरपची गुठळी कधीच होत नसे, कारण त्यातला कोको आधीच भिजलेला असतो. पुडीचं तसं नव्हतं. गरम दुधात ती एकदम टाकली की बाहेरचा थर भिजून घट्ट पापुद्रा होतो, आणि आतली पूड कोरडीच राहते. अशी गुठळी दाताखाली फुटून तोंडभर कोरडा कोको पसरला की मला फार आवडायचं. शिवणाच्या बाईंना मात्र ते खपत नसे. नाटकाच्या तालमी उशिरापर्यंत चालायच्या तेव्हा बाई आम्हा सगळ्यांसाठी चॉकलेट दूध करायच्या. आधी पुडीत चमचाभर दूध घालून घोटून घोटून गंध करायचा, मगच बाकीचं दूध. आजही मी तसंच करते.

अशाच एका तालमीच्या संध्याकाळी ती गोष्ट घडली. पूड घालून ढवळल्यावर मी चमच्याने पेल्याच्या तळाशी आतून टकटक केलं. आवाज आधी जाडसर आला. मी वाजवत राहिले, तसा तो चढत गेला, जणू कुणी पेटीच्या पट्ट्यांवरून वर वर बोट फिरवतंय. पुन्हा ढवळलं, पुन्हा सूर खाली उतरला आणि पुन्हा चढला. मी पेला हातात घेऊन सरांकडे धावले.

सरांनी तो कानाशी धरून तीन-चार वेळा वाजवला. मग म्हणाले, “हे मला माहीत नाही. उद्या बघू.” शिक्षकाच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ हे मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यांच्याविषयीचा आदर त्या क्षणी दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी पेला बदलून पाहिला, दुधाऐवजी गरम पाणी घेतलं, पुडीऐवजी मीठ टाकलं. मिठानेही सूर चढला! म्हणजे गुण चॉकलेटचा नव्हता. पाण्यात बारीक बुडबुडे उठतात आणि ते विरत जातात तसा सूर वर जातो, इथपर्यंत सर पोचले. वहीत नोंद केली आणि खाली प्रश्नचिन्ह काढलं.

त्याचं उत्तर मला कॉलेजच्या ग्रंथालयात सापडलं. फ्रँक क्रॉफर्ड या भौतिकशास्त्रज्ञाचा लेख १९८२ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये आला होता, विषय हाच, नाव ‘हॉट चॉकलेट इफेक्ट’. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. पूड पडली की द्रवात हवेचे असंख्य बुडबुडे तयार होतात. हवा सहज दबते, त्यामुळे द्रवातला ध्वनीचा वेग खूप घटतो. पेल्यातल्या द्रवस्तंभाचा सूर या वेगावर ठरतो, म्हणून तो उतरतो. बुडबुडे निसटले की वेग वाढतो आणि सूरही चढतो. उभ्या उभ्याच मी तो लेख दोनदा वाचला.

पुढे या पेयाविषयी जे मिळेल ते वाचत गेले. १८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हान हाउटेन यांच्या दाबयंत्राने कोकोतली बरीचशी चरबी वेगळी काढता येऊ लागली आणि उरलेल्या पेंडीची पूड करता आली. आपल्या बाटलीतल्या पुडीची सुरुवात तिथली. दुधात घालायच्या अशाच पुडींपैकी ओव्होमाल्टिन १९०४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नचं, मायलो १९३४ साली ऑस्ट्रेलियातलं. मायलो हे नाव क्रोटोन नगरीच्या प्राचीन ग्रीक मल्लाचं, हे समजलं तेव्हा सरांना सांगावंसं वाटलं.

पण सरांना पत्र लिहिलं ते क्रॉफर्डच्या लेखाबद्दल. बुडबुड्यांचं कारण, सूत्र, आकृती, सगळं चार पानं भरून. आठवड्याभरात उत्तर आलं. सरांनी माझ्या आकृतीतली एक चूक दुरुस्त केली होती आणि खाली लिहिलं होतं : “प्रश्नचिन्ह खोडलं. आज पुन्हा पेला वाजवून पाहिला. आता गार दुधात करून बघ आणि कळव.”