विहिरीची पातळी आणि शाळेची नोंदवही : माझा अनुभव

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात, पहिली ते सातवीच्या शाळेत, मी काही वर्षे काम केले आणि तेथे शाळा व गाव यांनी मिळून पाऊस आणि विहिरींची पाणीपातळी मोजण्याचे काम उभे केले. ते मार्गी लागायला दोन वर्षे गेली. ठराव, परवानग्या, पालकांची समजूत, आमच्या हातून झालेल्या चुका आणि एक मोठा वाद, हे सगळे त्यात आले. ज्या शिक्षकांना आपल्या शाळेत असे काही करावेसे वाटते त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून ते लिहून ठेवते आहे.

त्याआधीही आमची शाळा गावासाठी काही ना काही करत होती. प्रभातफेरी निघे, गाव झाडून काढले जाई, झाडे लावली जात. त्या कामांना मी कमी लेखत नाही, परंतु त्यातून मुले नेमके काय शिकली, असे मला कोणी विचारले असते तर उत्तर देता आले नसते. आणि गावाला त्याची किती गरज होती, या प्रश्नाचे उत्तर तर चार दिवसांत पुन्हा साचलेला कचराच देत असे. हाताने केलेल्या उपयोगी कामातून शिक्षण, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, तिचा पायाच तो होता. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि त्यातून माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम तयार झाला, त्यात विद्यार्थ्यांनी शिकता शिकता गावाला लागणाऱ्या सेवा द्याव्यात, हे शिक्षणाचेच अंग मानले आहे. हे वाचताना आमच्या कामात काय कमी होते ते मला समजले. गावाला काय हवे हे आम्ही गावाला कधी विचारलेच नव्हते.

विचारायचे ठरवल्यावर सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून केली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आमची समितीही कायद्याबरहुकूम होती, मात्र तिच्या बैठका बहुतेक वेळा इतिवृत्तावर सह्या होऊन संपत. शेतावरून आलेली बाई दुपारी शाळेत येऊन काय बोलणार? म्हणून आम्ही बैठक संध्याकाळी, एका सदस्येच्या अंगणात घेतली आणि तुमच्या अडचणी सांगा, असे न म्हणता एवढेच विचारले की, गावाला माहीत असायला हवी आणि तरीही माहीत नाही, अशी कोणती गोष्ट आहे. पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मग एका आईने सांगितले की, दिवाळीनंतर सगळे कांदा लावतात आणि फेब्रुवारीत विहिरी तळ गाठतात, दरवर्षी असेच होते. "ज्याच्या त्याच्या विहिरीचं ज्याला त्याला ठाऊक असतं, मॅडम. गावाचं पाणी किती आहे, ते कुणालाच ठाऊक नाही." आमचे काम त्या वाक्यात सापडले.

त्यानंतर कागदांची वाट होती. समितीचा ठराव झाला आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडला गेला. तेथे विरोध झाला नाही, पण उत्साहही दिसला नाही. शाळेचा एखादा उपक्रम असेल, असे समजून लोकांनी हात वर केले. खरी अडचण वरच्या परवानगीची होती. अभ्यासक्रम कसा पूर्ण होणार, हा पहिला प्रश्न होता आणि तो रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर आम्ही नीट तयार केले. सहावी आणि सातवीच्या पुस्तकांतले कोणते घटक या कामातून शिकवले जातील याचा एक तक्ता केला : गणितात सरासरी, मापन आणि आलेख, भूगोलात पाऊस व जलसंपत्ती, मराठीत अहवाल आणि पत्रलेखन. मुलांच्या नोंदी आकारिक मूल्यमापनात प्रकल्प म्हणून धरता येतील, हे दाखवले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची जी कल्पना आहे, तिचाही आधार घेतला. तक्ता जोडल्यावर चर्चा वेगळ्या वळणावर गेली आणि केंद्रप्रमुखांनी स्वतः त्यात दोन दुरुस्त्या सुचवल्या. हा तक्ता पहिल्याच पत्रासोबत जोडला असता तर आमचे दोन महिने वाचले असते.

शाळा, ग्रामपंचायत आणि पालक यांच्यात एका पानाचा लेखी करार केला. पर्जन्यमापक आणि मोजपट्टी ग्रामपंचायत घेईल आणि दरवर्षी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मुलांच्या नोंदींचा विषय अजेंड्यावर ठेवील. शाळा रोज पाऊस आणि महिन्यातून एकदा विहिरी मोजेल. विहिरीवर मुलांसोबत शिक्षकाशिवाय दोन पालक असतील. आणि या कामाच्या नावाखाली मुलांना झाडलोट, मांडव किंवा पाहुण्यांच्या स्वागताचे काम दिले जाणार नाही. शेवटचे कलम काहींना अनावश्यक वाटले होते. पुढे एका तपासणीच्या आधी गावातले रस्ते झाडण्यासाठी वरच्या वर्गातली मुले पाठवा, असा निरोप आला तेव्हा मुख्याध्यापकांनी तो कागद पुढे केला आणि नम्रपणे नकार दिला. शिकण्यासाठी केलेले काम आणि फुकटची मजुरी यांतली रेषा फार पुसट असते, ती आधीच आखून घेतलेली बरी, हे माझे ठाम मत आहे.

पालकांचा आक्षेप मात्र सर्वांत वजनदार होता. "पोरं विहिरीवर कशाला न्यायची?" या प्रश्नावर मुलांची जिज्ञासा वगैरे काहीही सांगून भागत नाही. आम्ही फक्त पक्का कठडा असलेल्याच विहिरी निवडल्या. बावीसपैकी नऊ विहिरी उरल्या. कठड्यापासून काही हातांवर चुन्याची रेघ मारायची, मुलांनी तिच्या आत पाऊल टाकायचे नाही, वजन बांधलेली मोजपट्टी पालकांनीच सोडायची, आकडा मोठ्याने सांगायचा आणि मुलांनी तो लिहायचा, अशी पद्धत बसवली. एका आजोबांनी पहिल्या दिवशी फक्त पाहण्यासाठी म्हणून आमच्यासोबत यायचे ठरवले आणि नंतर एकही मोजणी चुकवली नाही.

विहिरी निवडून झाल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, यातली आमची विहीर कुठली?" तिच्या घरी जमीन नव्हती, आईवडील दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जात. निवडलेल्या नऊही विहिरी बागायतदारांच्या होत्या. गावाचे पाणी मोजायला निघालो आणि त्यातून निम्मे गाव बाहेर ठेवले, हे त्या प्रश्नापर्यंत आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आणि वस्तीवरचा हातपंप आम्ही त्यानंतर घेतला. हातपंपात पट्टी सोडता येत नाही, म्हणून हंडा भरायला किती वेळ लागतो ते मोजायचे ठरले. ती कल्पनाही त्याच मुलीची. पिण्याच्या विहिरीला यादीत क्रमांक १ दिला आणि त्या विहिरीची नोंद वस्तीवरच्या मुलांकडे गेली.

पाऊस मोजण्यात आम्ही दोन चुका केल्या. पर्जन्यमापक चोरीला जाऊ नये म्हणून तो शाळेच्या भिंतीलगत, लिंबाच्या झाडाजवळ बसवला, त्यामुळे पहिले तीन आठवडे आकडे कमी येत राहिले. भिंत आणि झाड पाऊस अडवतात, म्हणून यंत्र मोकळ्या जागी असावे लागते. दुसरी चूक नोंदवहीत होती. रविवारी कोणी मोजत नसे आणि सोमवारी मुले रविवारच्या रकान्यात ० लिहून मोकळी होत. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना पटवून देण्यात माझा एक पूर्ण तास गेला आणि त्या वर्षी तेवढा सार्थकी लागलेला दुसरा तास मला आठवत नाही. न मोजलेल्या दिवशी आडवी रेघ, असा नियम ठरला. हवामान खाते सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजते, तीच वेळ आम्ही धरली आणि सुट्टीच्या दिवसांची जबाबदारी शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांनी घेतली.

आलेखातही एक गंमतीचा पेच आला. आम्ही कठड्यावरच्या लाल खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजत होतो, त्यामुळे पाणी खाली गेले की आकडा मोठा होई आणि मुलांचा आलेख उन्हाळ्यात वर चढे. "बाई, पाणी वाढलं!" असे एकाने आनंदाने सांगितले. शेवटी मुलांनीच वरून खाली जाणारा आलेख काढला, शून्य माथ्यावर आणि पाण्याची रेघ विहिरीत उतरत गेलेली. तो आलेख पुढे ग्रामसभेत एकाही माणसाला समजावून सांगावा लागला नाही.

पाण्याचा हिशोब आम्ही अंगणातूनच सुरू केला. एक मीटर लांब-रुंद चौकोनाला मातीचा बांध घातला, आत प्लास्टिकचा कागद अंथरला आणि एक लिटर पाणी ओतले. ते पसरून एक मिलिमीटर उभे राहते. मग हेक्टरभर रानावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, हे मुलांनी स्वतः गुणून काढले. शंभर मिलिमीटर पावसात शंभर हेक्टरांवर १० कोटी लिटर पाणी पडते, हे फळ्यावर लिहिल्यावर वर्ग काही क्षण गप्प झाला. परंतु पडलेले सगळे पाणी मुरत नाही. काही वाहून जाते, काही उडून जाते, आणि मुरलेले मोजण्याचे साधन शाळेजवळ नव्हते. म्हणून गावात एकूण इतके पाणी आहे, असा दावा करायचा नाही. पाऊस किती पडला आणि मागच्या मोजणीपेक्षा विहिरी किती वर-खाली झाल्या, एवढेच सांगायचे, असे आम्ही ठरवले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा पाहते, हे मुलांना सांगितले तेव्हा आपले काम पोरखेळ नाही, याची त्यांना खात्री पटली. त्याच दिवाळीत समितीचे काही सदस्य हिवरे बाजारला जाऊन आले. दरवर्षीचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेसमोर मांडून पिके ठरवण्याची तिथली रीत पाहून आल्यावर ते आमच्या नोंदवहीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले.

वाद झाला तो मात्र या नोंदवहीवरूनच. जानेवारीत एका विहिरीची पातळी शेजारच्या विहिरींच्या मानाने फार झपाट्याने उतरलेली दिसली आणि तक्ता शाळेच्या भिंतीवर मालकांच्या नावांसह लावलेला होता. मालक शाळेत आले. आपले पाणी गावासमोर उघडे करण्याचा अधिकार शाळेला कोणी दिला, असे त्यांनी विचारले. ते रागावले होते, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. विहिरीवर येऊ देण्याची परवानगी आम्ही घेतली होती, आकडा प्रसिद्ध करण्याची घेतली नव्हती. मी तक्ता काढला आणि त्यांची माफी मागितली. त्यानंतर समितीने नऊही मालकांना एकत्र बसवले. तीन तास बोलणे चालले. खासगी विहिरींना फक्त क्रमांक द्यायचा, मालकाला स्वतःच्या विहिरीचा आकडा मुलांनी घरी जाऊन द्यायचा आणि सार्वजनिक विहिरीची नोंद मात्र सर्वांसाठी खुली ठेवायची, असे ठरले. दोन मालकांनी तरीही अंग काढून घेतले आणि आम्ही त्यांना आग्रह केला नाही. मुलांनी त्या आठवड्यातल्या अनुभव-वहीत जे लिहिले, ते माझ्या मते साऱ्या उपक्रमातले सर्वांत मोलाचे लेखन होते. खरी माहितीसुद्धा सांगण्यापूर्वी कोणाला विचारावे लागते, अशा अर्थाचे वाक्य एका मुलाने लिहिले होते. या वहीसाठी दर शनिवारी अर्धा तास ठेवलेला होता. तो अर्धा तास गाळला असता तर सेवा झाली असती, शिक्षण झाले नसते.

पहिल्या २ ऑक्टोबरला दोन मुलींनी ग्रामसभेत नोंदी वाचल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कांदा नेहमीइतकाच लावला. मला वाईट वाटले, हे लपवत नाही. एका वर्षाच्या आकड्यांवर कोण भरवसा ठेवील, असे मुख्याध्यापक म्हणाले, आणि ते बरोबर होते. दुसऱ्या वर्षी तुलना करायला मागचे आकडे होते. पिण्याच्या विहिरीची पातळी मागच्या सप्टेंबरअखेरपेक्षा पाच फूट खाली असल्याचे वस्तीवरच्या मुलांनी सांगितले आणि सभेत पहिल्यांदा प्रश्न विचारले गेले. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्यानेच बंधन आणले होते, याची एका वृद्ध शेतकऱ्याने आठवण करून दिली. त्या विहिरीच्या परिसरात नवी बोअर घ्यायची नाही आणि फेब्रुवारीपासून तिथले पाणी फक्त पिण्यासाठी राखायचे, असे दोन ठराव झाले. काही कुटुंबांनी कांद्याचे क्षेत्र कमी करून तिथे शाळू घेतला. किती कुटुंबांनी, ते आम्ही मोजले नाही. तो शाळेचा विषय नव्हता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होणारच, म्हणून नोंदवहीची एक प्रत सुरुवातीपासून ग्रामपंचायतीत ठेवली होती आणि मे महिन्यातली मोजणी महिला बचत गटाने आधीच आपल्याकडे घेतली होती. मोजणी अजून चालू आहे. ज्यांनी अंग काढून घेतले होते त्यांपैकी एका मालकाची विहीर यादीत परत आली आहे. बोअरचे पाणी मात्र अजूनही कोणी मोजू देत नाही आणि सातवी झालेली मुले दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जातात, तिथे हे काम पुढे कसे न्यायचे, याचे बोलणे सुरू आहे. माझ्या नव्या शाळेत मी अजून पर्जन्यमापक मागितलेला नाही. पुढच्या आठवड्यात इथल्या समितीची बैठक आहे, ती संध्याकाळी घ्यायचे ठरले आहे.