फ्रिजमध्ये ठेवलेली किल्ली

लघुपट आठ मिनिटांचा, पात्रं दोन, घर मित्राचं. रेकीला, म्हणजे शूटआधी जागा बघायला, गेलो तेव्हा माझं सगळं लक्ष फ्रेमकडे होतं. साउंड सांभाळणाऱ्या मैत्रिणीने मात्र आम्हाला दोन मिनिटं डोळे मिटून गप्प बसायला लावलं. फ्रिजची घरघर, पंखा, खिडकीबाहेरची वाहनं, सगळं एकदम कानावर आलं. पुढची ऐसपैस खोली मला फार आवडली होती, पण त्या दोन मिनिटांनंतर आम्ही मागची लहान खोली पक्की केली.

कॅमेऱ्याचा निर्णयही तिथेच झाला. भाड्याने सिनेमा कॅमेरा आणायचा मोह आवरला, माझाच मिररलेस कॅमेरा ठेवला आणि वाचलेले पैसे बूम माइक (लांब दांड्यावरचा माइक) व रेकॉर्डरवर लावले. चित्रात थोडा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, असला तरी लोक बघत राहतात. संवाद कळेनासा झाला की त्यांचं लक्ष उडतं. लेन्स एकच, ३५ मिमी. माझा कॅमेरा ८ बिटमध्येच, म्हणजे रंगांच्या मोजक्याच छटांत, रेकॉर्ड करतो, म्हणून लॉग प्रोफाइल (नंतर रंग चढवण्यासाठी मुद्दाम फिकं चित्र घेणारी सेटिंग) घेतलं नाही. लॉगमधल्या टेस्टचं ग्रेडिंग, म्हणजे रंगांचं काम, केलं तेव्हा रिकाम्या भिंतीवर रंगांचे पट्टे उमटले होते.

खोलीला एकच खिडकी, आणि सकाळी तीन तास तिच्यातून मऊ उजेड यायचा. म्हणून वाइड शॉट सगळे सकाळी उरकले. क्लोजअप नंतर घेतले, कारण तेवढ्या जागेपुरता उजेड एक छोटा एलईडी आणि उजेड परतवणारा थर्माकोलचा बाउन्स सहज देतो. पिवळा बल्ब बंद ठेवला आणि व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ही सेटिंग) दिवसाच्या उजेडाला जुळणाऱ्या ५६०० केल्विनवर लॉक केला. ऑटोवर असता तर एकाच शॉटमध्ये चेहऱ्याचा रंग बदलत राहिला असता.

रात्रीच्या प्रसंगात ट्यूबलाइट हवीच होती. पहिल्या टेस्टमध्ये सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंदाचं शटर होतं, आणि पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसले. वीज ५० हर्ट्झची असेल तर जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/५० शटरमध्ये त्यातल्या बरोबर दोन लुकलुकी बसतात, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. २५ फ्रेम आणि १/५० ठेवलं आणि पट्टे गेले.

शूटच्या दिवशी फ्रिज बंद केला आणि मैत्रिणीने आपल्या गाडीची किल्ली त्यात ठेवून दिली. फ्रिज चालू करायचं विसरलं, तरी किल्लीशिवाय घरी जाता येणार नव्हतं. घर मित्राचं, फ्रिजमधलं अन्नही त्याचंच. ही काळजी मला फार मोलाची वाटली.

प्रत्येक सेटअपनंतर ती सगळ्यांना जागच्या जागी थांबवून अर्धा मिनिट रूम टोन, म्हणजे खोलीच्या शांततेचा आवाज, रेकॉर्ड करून घ्यायची. दमलेल्या युनिटला ते जड जायचं. एडिटमध्ये लघुपटातल्या आईच्या शेवटच्या वाक्याआधीच्या शांततेत हॉर्न वाजलेला निघाला. अभिनय त्याच टेकमध्ये सर्वांत खरा होता, तो सोडवेना. हॉर्न कापला आणि तिथे त्या खोलीचीच शांतता जोडली.