राज्य नेमके कोणाचे?

शाळेने मला जे दिले, त्यात नववीतला इतिहासाचा तास मी सगळ्यात वर ठेवतो.

सरांनी फ्रेंच राज्यक्रांती पॅरिसमधल्या बॅस्टिलच्या तुरुंगापासून सुरू केली नाही. सुरुवात केली ती नागपूरच्या महालातल्या भोसल्यांपासून. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले. पोटी मुलगा नव्हता, दत्तक कंपनीने मानला नाही आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. “माणसं जागेवर, शेतं जागेवर, बाजार भरतोच आहे. मग राज्य बेवारस झालं कसं?” सरांनी विचारले. कोणी बोलेना. मग त्यांनी फळ्यावर १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले तिसरे कलम मांडले : सार्वभौमत्वाचे मूळ राष्ट्रात आहे. घराण्याचे राज्य घराण्यासोबत बुडते, लोकांचे राज्य निर्वंश होत नाही. क्रांती म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

हक्क देणारे हे नवे राज्य मागूही लागले. १७९३ मध्ये फ्रान्सने तरुणांना सरसकट सैन्यात बोलावले. १७९५ मध्ये मीटर आणि ग्रॅम कायद्याने आणले. कोणत्याही राजाला प्रजेच्या घरात इतके आत शिरता आले नव्हते, हे सर आवर्जून सांगत.

पण माझ्या मनात कायमची राहिली ती हैती, कॅरिबियन समुद्रातली फ्रान्सची जुनी वसाहत. पुस्तकात तिचे नावही नव्हते, सरांनी तिला पूर्ण तास दिला. १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला, नेपोलियनच्या फौजेला हरवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या फ्रान्सने मान्यता दिली ती १८२५ मध्ये, युद्धनौका पाठवून आणि १५ कोटी फ्रँकची भरपाई लादून. भरपाई कोणाला, तर जुन्या मळेवाल्यांना! स्वतः क्रांतीतून जन्मलेल्या अमेरिकेने १८६२ पर्यंत मान्यता दिली नाही. गुलामांनी स्थापलेले राज्य दिसले, तर आपल्याकडचे गुलामही उठतील, ही तिथल्या मळेवाल्यांची धास्ती.

क्रांती घरात जिंकली तरी जगाच्या पंगतीत पान मांडायचे की नाही, हे आधीच बसलेले ठरवतात. आजही नव्या देशाच्या मान्यतेची बातमी आली की मी आधी अटी वाचतो.

आज शाळेत इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे : अभ्यासक्रम कितीही मोठा असो, हैतीला एक तास द्या.