फ्लोरिडा स्टेटचं नक्की बिघडलं कुठं?
अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली आपली टीम 2023 ला 13-0 (13 जिंकल्या, हार एकही नाही), मग सीझनच्या शेवटच्या ऑरेंज बोल मॅचमध्ये जॉर्जियाकडून 63-3 नं मार, आन् 2024 ला डायरेक्ट 2-10! सात रस्त्याला चहा पिता पिता एक मित्र म्हणतो, कोचची स्कीमच (खेळायची आखणी) सगळ्यांना पाठ झालीय बे, दुसरा म्हणतो टॅलेंटच गेलं, दहा जण एकाच ड्राफ्टला (प्लेयर निवडायचा वर्षाचा कार्यक्रम) एनएफएल म्हणजे तिथल्या प्रोफेशनल लीगमध्ये गेले की. मला हे निम्मंच पटतं. आपला क्वार्टरबॅक (पास टाकणारा मेन प्लेयर) जॉर्डन ट्रॅव्हिस गेला हे खरंय, पण स्कीम कसलीही आखा, पुढच्या लाइननं ब्लॉकच धरला नाही, समोरच्यांना अडवलंच नाही, तर क्वार्टरबॅकला बॉल टाकायला वेळ कुठनं मिळणार, मग ट्रॅव्हिसच्या जागी आलेला डीजे उईआंगालेले असो का अजून कोण. हातात आलेला पास सुटतो, टॅकल करताना समोरचा गडी निसटतो, लई जीव जळतो बघताना. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ऑफेन्स आन् डिफेन्स दोन्हीचे कोऑर्डिनेटर (हाताखालचे कोच) काढले, हेड कोच नॉर्वेल राहिला. कागदावरचे प्ले बदलायच्या आधी ती लाइन बांधायला पायजे होती.