नाइट, पाइकमन आणि लपवलेले आकडे: माझा अनुभव

एज ऑफ एम्पायर्स 2 या कॉम्प्युटर गेममध्ये समोरून घोडे आले की पाइकमन, म्हणजे भालेवाला पायदळ सैनिक, काढ, हे कोणीही सांगतं. का, ते विचारलं की उत्तर नाही. मी खेळतो त्या जुन्या आवृत्तीत पाइकमनवर क्लिक केलं तर अटॅक 4 दिसतो आणि नाइटवर, म्हणजे घोडेस्वारावर, केलं तर 10. ज्या आकड्यावर लढाई ठरते तोच नेमका दाखवत नाहीत, याची चीड अजून गेलेली नाही.

तो आकडा म्हणजे घोडदळावरचा बोनस, म्हणजे घोडेस्वाराला मारताना मिळणारा जादा अटॅक, 22. पाइकमनच्या 4 मधून नाइटचं 2 आर्मर (चिलखत, प्रत्येक घावातून तेवढं कमी होतं) वजा करा, उरले 2, त्यात बोनस मिळवला की एका घावाला 24. नाइटची हेल्थ 100, म्हणजे पाचव्या घावाला खलास. पाइकमनची हेल्थ 55, आर्मर शून्य. नाइटचे 10-10 चे सहा घाव त्याला लागतात. मग सिनारिओ एडिटरमध्ये, म्हणजे गेममध्येच स्वतःची लढाई मांडता येते तिथे, एकास एक लढवले की नाइटच कसा उरतो?

इथे गाडी जी अडली ती अडलीच. भागाकार पुन्हा केला, आर्मर पुन्हा बघितलं, दोघांना नव्याने भिडवलं. परत तेच! शेवटी गेमचा स्पीड कमी करून घड्याळ घेऊन बसलो, तेव्हा उलगडलं. नाइट साधारण 1.8 सेकंदांनी घाव घालतो, पाइकमन तब्बल 3 सेकंदांनी. पहिला घाव शून्य सेकंदाला धरला तर नाइटचा सहावा घाव नवव्या सेकंदाला पडतो, पाइकमनचा पाचवा बाराव्याला. हा वेग स्क्रीनवर शोधून सापडत नाही.

म्हणून पाइकमन एकटा पाठवू नका. दोन पाइकमनना मिळून 70 अन्न, 50 लाकूड लागतं. एका नाइटला 60 अन्न आणि 75 सोनं. दोन्ही पाइकमन एकदम भिडले तर सहा सेकंदांत नाइट संपतो आणि दोघेही जिवंत राहतात.

ब्लॅकस्मिथ या इमारतीत मिळणारं फोर्जिंग हे अपग्रेड अटॅकला नुसतं +1 म्हणून टाळत असाल तर ऐका: 24 चे 25 होतात आणि नाइट पाचाऐवजी चार घावांत पडतो. जोडीला स्केल मेल, म्हणजे पायदळाला +1 आर्मर, घेतलं की नाइटला सहाऐवजी सात घाव घालावे लागतात. समोरच्याने अपग्रेड केले नसतील तर मग एकटा पाइकमनही जिंकतो. हे गणित माझं मी बसवलं, त्याचा थोडा माज आहेच.

बॅटरिंग रॅमवर, म्हणजे इमारती फोडायच्या ओंडक्याच्या गाड्यावर, बाण वाया घालवू नका. डॅमेज 1 च्या खाली जात नाही, पण त्याचं बाणांसाठीचं आर्मर 180 असल्याने त्याहून जास्तही होत नाही. तलवारवाले पाठवा.

आणि हो, एडिटरमध्ये सपाट जागा घ्या. उंचावरून मारलेला घाव 25 टक्के जास्त लागतो, खालून वर मारलेला तेवढाच कमी, त्यामुळे टेकडीवर घेतलेले आकडे कशाशीच जुळत नाहीत.