डिलीट केलं तरी परत येणारा ट्रोजन : माझा अनुभव

लॅपटॉपमध्ये ट्रोजन, म्हणजे साध्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन आत शिरणारा व्हायरससारखा प्रकार, घुसला होता. तीन दिवस गेले माझे तो काढण्यात, अजून राग गेलेला नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

लॅपटॉपवर काहीच चालू नसताना पंखा जोरात फिरायचा. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट -एएनओ (चालू कनेक्शन दाखवणारी कमांड) मारलं तर एका अनोळखी आयपीशी, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याशी, कनेक्शन चालूच. शेवटच्या रकान्यातला पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा नंबर) टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये शोधला, नाव निघालं एसव्हीसीहोस्ट. हे नाव विंडोजचंच असतं, तिथेच फसायला होतं. राइट क्लिक करून फाइल लोकेशन उघडलं तर ती बसलेली अॅपडेटा रोमिंग फोल्डरमध्ये, खरी असते सिस्टिम३२ मध्ये.

प्रोसेस बंद केली, फाइल उडवली, रिस्टार्ट केलं. फाइल परत हजर! परत उडवली, परत आली. विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसचा फुल स्कॅन तासन्‌तास चालला आणि शेवटी म्हणतो धोका नाही. स्टार्टअप टॅब बघितला, तिथेही काही नाही. दोन रात्री हेच, रडायची वेळ आली होती. मग डिफेंडरच्या सेटिंगमध्ये खाली खाली जात एक्सक्लूजन (स्कॅनमधून वगळायची यादी) उघडलं तर अख्खं अॅपडेटा फोल्डर तिथे टाकलेलं, मी आयुष्यात ते पान उघडलेलं नव्हतं! म्हणजे ट्रोजननेच डिफेंडरला सांगून ठेवलेलं की इथे बघू नको. आणि फाइल परत कोण आणतंय ते सापडलं मायक्रोसॉफ्टच्या ऑटोरन्स या टूलमध्ये, ते आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टी दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या एंट्री लपवायचा ऑप्शन ऑन केला की यादी छोटी होते, त्यात शेड्यूल्ड टास्कखाली (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) अपडेटर अशा साध्या नावाचा एक टास्क, दर १० मिनिटांनी पॉवरशेल (विंडोजचं कमांड चालवायचं टूल) चालवून दुसऱ्या फोल्डरमधली कॉपी परत आणून ठेवणारा. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी टास्क काढा, मग दोन्ही फाइली, मग एक्सक्लूजन, आणि त्यानंतर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. तो विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतो, साधारण १५ मिनिटं लागतात. त्यात आणखी एक फाइल सापडली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

हो, आणि कनेक्शन दिसल्या दिसल्या वायफाय बंद करा, मी ते उशिरा केलं. पासवर्ड त्याच लॅपटॉपवरून बदलू नका, दुसऱ्या डिव्हाइसवरून बदला, आणि सगळीकडून लॉगआउटही करा, कारण ब्राउझरच्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) चोरल्या असतील तर पासवर्डशिवायही आत शिरता येतं.

एवढं करूनही शेवटी मी विंडोज नव्याने टाकलंच. बॅकडोअरमधून, म्हणजे गुपचूप उघडलेल्या वाटेने, ट्रोजनने आत काय काय केलं असेल ते कसं कळणार? फोटो आणि डॉक्युमेंट्स तेवढी घेतली, सेटअपच्या फाइली एकही नाही. विंडोज टाकायला पेनड्राइव्ह निदान ८ जीबीचा लागतो, तोही दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर बनवा. नवीन विंडोजवर पहिलं काम नेटस्टॅटच केलं, एकेक ओळ तपासली, तो आयपी कुठेच नव्हता.