फाईलमध्ये न आलेले चांगले दिवस

बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे मन कधी खोल नैराश्यात तर कधी उन्मादाच्या चढावर नेणारा आजार, सुरू झाल्यापासून त्याचे नाव रुग्णाच्या कागदावर लिहिले जाईपर्यंत किती काळ जातो, हे मला आता बरेच जण विचारतात. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत हा काळ आठ-नऊ वर्षांचा होता, आणि बडोद्यातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये ही गोष्ट आता लपलेली नाही. (हे सारे त्याच्या संमतीनेच लिहिते आहे.) विचारणाऱ्यांची समजूत बहुधा अशी असते की आम्हाला चांगला डॉक्टर उशिरा मिळाला असावा. तसे नव्हते. त्याला तपासणारे डॉक्टर मन लावून तपासत होते, औषधे त्या त्या वेळच्या लक्षणांना धरून देत होते, आणि तरीही आजार कोणाला दिसत नव्हता. तो का दिसत नव्हता, हे मला नीट मांडायचे आहे.

प्रथम आकडे सांगते, कारण ते वाचल्यावर आपलेच घर अपवाद आहे ही समजूत गळून पडते. अमेरिकेतल्या रुग्णांच्या एका राष्ट्रीय संघटनेने २००० साली बायपोलर असलेल्या लोकांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ६९ टक्के लोकांना सुरुवातीला दुसऱ्याच आजाराचे नाव सांगितले गेले होते, आणि ते नाव बहुतेक वेळा नैराश्याचे, म्हणजे डिप्रेशनचे होते. चुकीचे निदान झालेल्यांनी बरोबर निदानापर्यंत पोहोचण्याआधी सरासरी चार डॉक्टर पाहिले होते, आणि एक तृतीयांशाहून अधिक लोकांना दहा किंवा त्याहून जास्त वर्षे वाट पाहावी लागली होती. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र विचार करून २०१७ साली जो आढावा निघाला, त्यातही आजाराच्या सुरुवातीपासून उपचारापर्यंतचे अंतर साधारण सहा वर्षांचे आढळले. हा आजार बहुधा ऐन तारुण्यात, पंचविशीच्या आत सुरू होतो. म्हणजे ही सहा किंवा दहा वर्षे शिक्षणाची, पहिल्या नोकरीची आणि लग्नाची असतात.

आता या उशिराचे कारण. बायपोलर टाईप टू, म्हणजे ज्यात उन्माद सौम्यच राहतो, या प्रकाराच्या ८६ रुग्णांचा अमेरिकेत सरासरी तेरा वर्षांहून अधिक काळ, आठवड्या-आठवड्याच्या हिशेबाने मागोवा घेतला गेला होता. त्या काळातले सुमारे ५० टक्के आठवडे नैराश्याचे होते आणि सौम्य उन्मादाचे, ज्याला हायपोमेनिया म्हणतात त्याचे, आठवडे जेमतेम १.३ टक्के. म्हणजे शंभर आठवड्यांत एखाद-दुसराच आठवडा असा, की ज्यावरून हा आजार साध्या नैराश्यापासून वेगळा ओळखता यावा. त्या आठवड्यात रुग्ण दवाखान्यात नसतो. तो जाईल तरी कशाला? त्याला आयुष्यात कधी नव्हे इतके बरे वाटत असते.

निदानाच्या नियमाप्रमाणे पाहिले तर हायपोमेनियासाठी मनःस्थितीतला आणि उत्साहातला ठळक बदल किमान सलग चार दिवस टिकावा लागतो आणि मेनियासाठी, म्हणजे पूर्ण उन्मादासाठी, किमान सात दिवस, किंवा रुग्णालयात दाखल करावे लागेल इतकी तीव्रता. पूर्ण मेनिया घराला कळतोच. माणूस रात्रंदिवस बोलतो, पैसे उधळतो, अंगावर धावून जातो, स्वतःला कोणी अवतारी पुरुष समजतो. शेजारीपाजारी गोळा होतात आणि दोन-चार दिवसांत त्याला कुठेतरी नेले जाते. तिथे नाव चुकण्याचा धोका वेगळा असतो, कारण भ्रम आणि भास जोरात असले की ते स्किझोफ्रेनिया वाटू शकते. पण निदान काहीतरी बिघडले आहे याबद्दल कोणाचे दुमत नसते. चार दिवसांच्या हायपोमेनियाबद्दल मात्र घरात एकमत असते ते असे, की पोरगा अखेर मार्गाला लागला.

माझा भाऊ महाराजा सयाजीराव विद्यापीठात कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीनंतर अंथरुणाला खिळला. ताप नाही, खोकला नाही. नुसते पडून राहणे, जेवणावर वासना नाही, आंघोळीचा कंटाळा. फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासले, बी ट्वेल्व्ह कमी निघाले, इंजेक्शने झाली. थायरॉईडही पाहिले, आणि ते पाहायलाच हवे, कारण त्याच्या बिघाडानेही असे होऊ शकते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झाले तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, डिप्रेशन हे नाव मिळाले आणि त्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. मधल्या काळात आई-बाबा त्याला घेऊन गरुडेश्वरला जाऊन आले. नर्मदाकाठी टेंबे स्वामींच्या समाधीपाशी आईला जो धीर आला, त्याला मी कमी लेखत नाही. तिने गोळ्या मात्र एक दिवस चुकू दिल्या नाहीत.

मग यायचे चांगले दिवस. पहाटेपर्यंत जागून तो वर्गातल्या निम्म्या मुलांच्या नोट्स तयार करायचा, गच्चीवर शिकवणी सुरू करायचा बेत आखायचा, त्यासाठी फळा आणि बाके उधारीवर आणायचा, लांबच्या मावशीलाही फोन करून तासभर बोलायचा. हे बहुतेक वेळा गणपतीपासून नवरात्रापर्यंतच्या दिवसांत घडे, आणि बडोद्यात नवरात्रात कोण झोपते? पहाटे गरब्याहून परतलेली सगळीच तरुण मुले डोळे तांबारून हिंडत असतात. फरक एवढाच होता की इतर मुले दुपारी आडवी व्हायची आणि याला झोपेची गरजच वाटत नसे. झोप न मिळणे आणि झोपेची गरज न वाटणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने दुसरी फार महत्त्वाची आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्यात अपुरी झोप स्वतःच असा चढ सुरू करून देऊ शकते. आमच्या शहराच्या सर्वांत आनंदाच्या नऊ रात्रींनी आजाराला एकाच वेळी खतपाणीही घातले आणि आडोसाही दिला.

या दिवसांतले काहीही त्याच्या फाईलमध्ये आले नाही. तो दवाखान्यात जाई तो कार्तिक-मार्गशीर्षात, खांदे पडलेले असताना, आणि त्या अवस्थेतल्या माणसाला आपण दोन महिन्यांपूर्वी कसे होतो हे विचारले तर त्याला ते आठवतही नाही. आठवले तर त्याची लाज वाटते. बाह्यरुग्ण विभागात एकेका रुग्णाच्या वाट्याला जी काही मिनिटे येतात, त्यांत झोप, भूक, मरणाचे विचार येतात का, एवढे विचारून होईपर्यंत पुढचा नंबर पुकारला जातो. डॉक्टरांना दोष देणे मला पटत नाही. पण वर्षानुवर्षे नैराश्याचे औषध घेऊनही जो पुन्हा पुन्हा पडतो, त्याच्या घरच्यांना एकदा तरी आत बोलावून मागच्या चढत्या दिवसांबद्दल विचारण्याची पद्धत असायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

आम्हाला तो प्रश्न विचारणारे डॉक्टर मिळाले ते एका विचित्र हिवाळ्यानंतर. नैराश्याच्या गोळीचा डोस वाढवल्यावर थोड्याच दिवसांत भाऊ खडबडून उठला, चिडचिडा झाला, रात्रभर येरझाऱ्या घालू लागला आणि बाबांच्या दुकानाचे पैसे त्याने कोणालाही न विचारता एका मित्राच्या धंद्यात घातले. बायपोलर असलेल्या माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या जोडीशिवाय नुसते नैराश्याचे औषध दिले तर तो असा उन्मादाकडे ढकलला जाऊ शकतो. नव्या डॉक्टरांनी हे ऐकले, भावाला बाहेर बसायला सांगितले आणि आईला विचारले, “काकू, हा दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असायचा, असे दिवस पूर्वी कधी आले होते का?”

आईने उत्तर दिले नाही. पुढच्या खेपेला तिने पिशवीतून जुनी कालनिर्णये काढून टेबलावर ठेवली. दुधाचा हिशेब, गॅस आल्याची तारीख, कामवालीचे खाडे लिहिण्याची तिची जन्माची सवय. त्याच चौकोनांमध्ये बारीक पेन्सिलीने तिने लेकाबद्दलही लिहिले होते. एका आश्विनातल्या पानावर “दूध २ लि.” याच्या खाली “४ ला आला, ६ ला उठून गच्ची धुतली” असे होते, त्याच वर्षीच्या पौषात लागोपाठ कितीतरी चौकोनांत नुसते “जेवला नाही”. डॉक्टरांनी एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारली, खाली वर्षे लिहिली आणि आईच्या नोंदी बघत बघत रेघेच्या वर आणि खाली डोंगर-दऱ्या काढत गेले. तो कागद भरल्यावर त्यांना आम्हाला फारसे समजावून सांगावे लागले नाही.

अशा आलेखाला लाईफ चार्ट म्हणतात आणि त्यामागचा विचार जुना आहे. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये उन्माद आणि विषण्णता यांना एकाच आजारात बसवले, ते रुग्ण त्या दिवशी कसा दिसतो यापेक्षा वर्षानुवर्षांचा त्याचा प्रवास कसा झाला याकडे लक्ष देऊन. आज सव्वाशे वर्षांनंतरही या आजाराचे निदान करणारी कोणतीही रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. २००० साली तयार झालेली तेरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ती काही मिनिटांत भरून होते आणि शंका घेण्यापुरती उपयोगी पडते. मात्र सौम्य प्रकार तिच्यातून निसटू शकतो आणि तिच्यावरून निदान करायचे नसते. शेवटी भरवसा इतिहासावरच ठेवावा लागतो, आणि तो इतिहास बहुतेक वेळा रुग्णापेक्षा त्याच्या शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाजवळ असतो.

उशिराची किंमत मोजावी लागते. भावाची पदवी रखडली, दुकानाचे पैसे बुडाले, आणि एका हिवाळ्यात आम्ही त्याला एकटे ठेवत नव्हतो. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही. या आजारात आत्महत्येचा धोका मोठा असतो आणि तो कमी करण्याबाबत ज्या औषधाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे ते लिथियम, ज्याचा उन्मादावरचा उपयोग ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ सालीच दाखवला होता. इतके जुने आणि स्वस्त औषध उपलब्ध असताना माणसे केवळ नाव न कळल्यामुळे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, याचा मला राग येतो. आपल्याकडे तर नाव कळणे ही पुढची गोष्ट झाली: २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात गुजरातही होते, बायपोलर असलेल्या सुमारे ७० टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले.

निदान झाल्यावर सगळे लगेच सुरळीत झाले, असेही नाही. चढत्या दिवसांतला तो हुशार, उमदा मुलगा म्हणजेही आजारच, हे भावाला मान्य व्हायला आणखी बराच काळ गेला, मध्ये त्याने गोळ्या सोडूनही पाहिल्या. आता तो लिथियम नियमित घेतो. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन त्याची पातळी तपासावी लागते, मूत्रपिंड आणि थायरॉईडवर लक्ष ठेवावे लागते, उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचे नसते. गरब्याला तो जातो आणि अकराच्या आत घरी येतो.

ज्यांच्या घरी वारंवार येणाऱ्या डिप्रेशनवर वर्षानुवर्षे उपचार चालू आहेत, त्यांनी पुढच्या भेटीला सोबत कोणीतरी जावे आणि एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: पहिला पडता काळ कोणत्या वयात आला, कमी झोपूनही उत्साह ओसंडून जाणारे सलग दिवस कधी आले आणि त्या दिवसांत पैसे, बोलणे, बेत कसे होते, कोणते औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर माणूस एकदम बदलला, आणि आजोळी किंवा वडिलांच्या घराण्यात कोणाला असा त्रास, दीर्घ उदासी किंवा आत्महत्या झाली होती का. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचणे अवघड असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठी, गुजराती आणि हिंदीतही बोलता येते.